पहिला आठवडा पाइपचा

बारामतीत बॅच ट्रेनिंगचे हॉल आता कोणाला नवे राहिलेले नाहीत. आधीचा आणि नंतरचा फोटो, टायर उलटवतानाची रील, भिंतीवरचं मोठं घड्याळ आणि ‘लास्ट टेन सेकंद!’ ही आरोळी, हे सगळं तुमच्या मोबाइलवर येऊन गेलेलं आहे. अशाच एका हॉलमध्ये मी सकाळच्या बॅचला सहायक कोच म्हणून उभी असते, आणि अधूनमधून इंदापूरच्या बॅचलाही जाते. त्यामुळे रील सुरू होण्याआधी आणि बंद झाल्यावर काय चालतं ते सांगू शकते.

सुरुवात पायाखालच्या रबरापासून करू. वजन आपटलं तरी फरशी फुटू नये म्हणून जाड काळी मॅट लागते. कॅटलॉगमधली मॅट नव्या हॉलला परवडत नाही. आमच्याकडे आहे ती गोठ्याचं सामान विकणाऱ्या दुकानातली, गाईचे खूर घसरू नयेत म्हणून खाली घालतात तीच. उलटवायचा टायर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचा. नव्या माणसाच्या हाती देतो तो पाच फुटी पाइप शेतीच्या दुकानातून कापून आणलेला, पीव्हीसीचा. दूधवाल्या घरातली एक सून पहिल्या दिवशी मॅटवर पाय ठेवताच म्हणाली, “ताई, ही तर आमच्या जर्शीखाली आहे!” सगळा हॉल हसला. तिनं मात्र वाकून कोपरा उचलला, खालची ओल बघितली आणि मॅटला वास का येतो ते आम्हालाच समजावून सांगितलं. आज आमच्या मॅट ज्या पद्धतीनं धुतल्या आणि वाळवल्या जातात, ती तिची पद्धत आहे.

आता तो पाइप. चौकशीला आलेला माणूस खुर्चीत बसायच्या आत ‘मी कॉलेजला कबड्डी खेळायचो’ म्हणाला, की आतले दोन कोच एकमेकांकडे बघतात. कधीच न खेळलेला माणूस स्वतःहून जपून असतो. जुन्या खेळाडूची हिंमत मात्र विशीतली असते आणि गुडघे चाळिशीतले. एमआयडीसीतले एक सुपरवायझर असेच रात्रपाळी उरकून थेट आले होते. त्यांना बारबेलऐवजी आठवडाभर पाइपच दिला. तिसऱ्या दिवशी ते वैतागले, “अहो, पैसे भरून मी पाइप उचलतोय, घरी काय सांगू?” कोचनी वाद घातला नाही. पाइप डोक्यावर धरा, हात ताठ ठेवा आणि पूर्ण खाली बसा, एवढंच सांगितलं. टाचा उचलल्या गेल्या, पाइप नाकासमोर आला आणि साहेब पुढे कलंडले. शेजारी सणसरकडचे एक ऊस बागायतदार होते, वयानं त्यांच्याहून मोठे आणि आयुष्यात पहिल्यांदा हॉलमध्ये आलेले. ते टाचा टेकवून पूर्ण खाली बसले आणि तसेच बसून कारखान्याच्या बिलाबद्दल बोलत राहिले. सुपरवायझरनी त्या दिवशी बारबेलचा विषय सोडला आणि त्या शेतकऱ्याला विचारलं, “मामा, कसं बसता ते एकदा दाखवा.” हल्ली कोणी जुना खेळाडू नव्यानं आला, की त्याला पाइप द्यायचं काम ते मागून घेतात.

आमच्याकडे नव्याला पहिल्या तासाला गाणी नसतात. यामागे एक लाइट गेलेली सकाळ आहे. बॅच ऐन भरात होती, स्पीकर दणाणत होता आणि अचानक सगळं बंद पडलं. अंधारात लोक थांबले नाहीत, कोच मोठ्यानं आकडे मोजत राहिले. त्या शांततेत मागच्या ओळीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. तो एका नव्या मुलाचा श्वास होता. त्याला बाहेर आणून बसवलं तेव्हा कळलं की दमा लहानपणापासूनचा आहे आणि पंप बाइकच्या डिकीत आहे. फॉर्मवर आजाराच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं ‘निरंक’. हा सरकारी शब्द त्या रकान्यात आम्ही इतक्यांदा वाचतो, की आता त्यावर विसंबत नाही. खरं उत्तर बुटाची लेस बांधताना मिळतं. बायका जिन्यात सांगतात: बीपीची गोळी चालू आहे, सिझर होऊन वर्ष झालेलं नाही, पाळीत फार अंगावर जातं. पुरुष बहुतेक वेळा सांगतच नाहीत, त्यांच्याबरोबर आलेला मित्र सांगतो. म्हणून पहिल्या तासाला स्पीकर बंद ठेवतो आणि कोच नव्याजवळ उभे राहून गप्पा मारतात. कुठलं गाव, कोणता कारखाना, पाऊस किती झाला? त्याला वाटतं ओळख करून घेताहेत. ओळख होतेच; पण एक वाक्य एका दमात पुरं होतंय का, हेही त्यात तपासलं जातं. ते तुटायला लागलं, की त्याचा वेग आम्ही उतरवतो.

भिंतीवरच्या घड्याळावर सगळ्यात जास्त चालतो तो टबाटा: २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती, असं आठ वेळा, म्हणजे चार मिनिटं. लोकांना वाटतं, टबाटा नावाच्या कोणी जपानी कोचनी हा शोधला. पडद्यामागची गोष्ट वेगळी आहे. हा क्रम जपानच्या स्पीड स्केटिंग संघाचे कोच इरिसावा कोइची आपल्या खेळाडूंकडून करून घेत होते. इझुमी टबाटा हे संघाबरोबर काम करणारे शास्त्रज्ञ. त्यांनी सायकलीवर त्याची मोजमापं घेतली आणि १९९६ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. सहा आठवड्यांत दम आणि जोर दोन्ही वाढल्याचं त्यात दिसलं. टबाटांनी स्वतः श्रेय इरिसावांना दिलं. जगानं नाव मात्र मोजणाऱ्याचं ठेवलं. नव्यांना मी ही गोष्ट सांगते ती एका कारणासाठी. तो प्रयोग क्रीडाशिक्षणाच्या तरुण विद्यार्थ्यांवर झाला होता आणि त्यातला जोर प्राणवायू वापरण्याच्या कमाल क्षमतेच्या १७० टक्के इतका होता. पहिल्या आठवड्यात घड्याळ तेच लावलं, तरी तेवढा जोर कोणाकडून मागायचा नसतो.

फळ्यावरून होणारी भांडणं हा स्वतंत्र विषय आहे. वर्कआउट संपलं की प्रत्येकाचं नाव आणि वेळ फळ्यावर लिहितात. एकजण करतो, जोडीदार मोजतो. एकाच घरातल्या दोन जावा आमच्याकडे येत. एका नवरात्रात धाकटीचं नाव रोज वर दिसायला लागलं आणि बॅचमध्ये कुजबुज सुरू झाली की मोठी आकडे खाते. आम्ही लक्ष ठेवलं. खरंच होतं, पंधरानंतर थेट अठरा. बाजूला घेऊन विचारलं तेव्हा मोठीच्या डोळ्यांत पाणी आलं. “नऊ दिवस ती नुसत्या दुधावर आहे, ताई. थांब म्हटलं तर ऐकत नाही. सासूबाईंना कळलं तर व्यायामच बंद होईल. म्हटलं, लवकर संपवून तरी टाकू.” ज्यांनी तक्रार केली होती, त्यांच्यातल्या निम्म्या बायकाही त्याच उपवासावर होत्या. तेव्हापासून नवरात्रात आमचा फळा कोरा असतो.

आषाढातही हॉल ओस पडतो. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते आणि आमचे निम्मे लोक तिच्याबरोबर असतात. एक काकू वॉर्मअपची एक फेरी पळाल्या की खाली बसायच्या. ‘हे माझ्यानं होणार नाही’ म्हणून फी परत मागायलाही आल्या होत्या. पालखीनंतर सहज विचारलं, तर त्या बारामती ते इंदापूर पायी गेल्या होत्या, डोक्यावर तुळस घेऊन. दम होताच, वेग परका होता. कोचनी त्यांचं पळणं बंद केलं, चालणं ठेवलं आणि हातात वजन दिलं. फीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता जे सांगायचंय ते आमच्या धंद्यात कोणी मोठ्यानं बोलत नाही. इंदापूर तालुक्यातला एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. मैदानी चाचणीचे ५० गुण, त्यात धावणं आणि गोळाफेक. पाय तयार करायचे म्हणून ऐन उन्हाळ्यात तो एका हॉलमध्ये गेला. पहिल्याच दिवशी चॅलेंज म्हणून त्याच्याकडून शेकड्यांनी बैठका काढून घेतल्या. त्यानं काढल्या, पोरगा जिद्दीचा होता. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना, त्याचं कौतुकच झालं. तिसऱ्या दिवशी मांड्या टम्म सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली. घरच्यांना वाटलं, उन्हाळी लागली. सब्जा झाला, धन्या-जिऱ्याचं पाणी झालं. संध्याकाळी नर्सिंग शिकणारी बहीण घरी आली, तिनं रंग बघितला आणि त्याला गाडीवर बसवून तडक दवाखान्यात नेलं. अतिश्रमानं स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतला मायोग्लोबिन रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. सलाइन वेळेत लागलं आणि मूत्रपिंडं वाचली. बरा झाल्यावर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तो आमच्याकडे आला, बरोबर बहीणही. त्यानं तोंड उघडण्याआधी तिनंच कोचना विचारलं, “पहिल्या दिवशी किती काढायला लावता?” कोच म्हणाले, “दहा. आणि उद्या सकाळी मला फोन.” तिनं त्याच्याबरोबर स्वतःचंही नाव घातलं.

ही आपल्याकडचीच गोष्ट नाही. क्रॉसफिट ही अशीच बॅच ट्रेनिंगची पद्धत अमेरिकेत वाढत होती तेव्हा ती करणाऱ्यांत एक व्यंगचित्र फिरायचं: डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला विदूषक, नाव ‘अंकल रॅब्डो’. लोक त्यावर हसत. २००५ मध्ये संस्थापक ग्रेग ग्लासमन यांनी स्वतः या धोक्यावर लेख लिहिला आणि त्याच डिसेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं विषय घरोघरी पोहोचवला. व्हर्जिनियात असं वर्कआउट करून आजारी पडलेल्या नौदलातल्या एकाला २००८ मध्ये ज्युरीनं तीन लाख डॉलरची भरपाई दिली. त्यानंतर विदूषकाचं हसू ओसरलं. नव्या सभासदासाठी वेगळे सुरुवातीचे वर्ग असणं, ही आज चांगल्या हॉलची खूण मानली जाते.

आपल्याकडे ते आधीपासून होतं, हे मला एका जुन्या पैलवानांनी सांगितलं. ते नातीला सोडायला येतात आणि बाकावर बसून बॅच बघतात. २००५ ला महाराष्ट्र केसरीचं मैदान इंदापुरात झालं, गदा सईद चाऊस यांनी जिंकली. पुढच्याच वर्षी मैदान बारामतीत, आणि गदा अमोल बुचडेंच्या खांद्यावर. त्या दोन वर्षांत या पट्ट्यातल्या तालमींत पोरांची रीघ लागली. प्रत्येकाला पहिल्याच दिवशी कुस्ती पाहिजे होती. “वस्ताद कुस्ती देत नव्हते,” आजोबा म्हणाले, “खोरं देत होते.” आखाड्याची माती उकरायची, ढेकळं फोडायची, ताक-तेल-हळद घातलेली ती जड माती वरखाली करायची. पोरं चिडायची. वस्ताद कट्ट्यावर बसून कोण दणक्यात सुरू करून लगेच बसतो, कोण लय धरतो, कोणाचं तोंड उघडं पडतं ते बघत राहायचे. मग जोर-बैठका, तेही मोजून. कुस्ती लागायची ती वस्ताद निवडतील त्या जोडीबरोबर आणि ती जोड मुद्दाम जुनी, शांत डोक्याची असायची. मी विचारलं, “तुम्हाला कोणती जोड दिली होती?” आजोबा हसले. “मीच ती जोड होतो. नव्या पोराला न दुखवता पाडायचं कसं आणि कधी आपण पडायचं, ते वस्तादांनी मला शिकवलं होतं. माझ्या नावावर गदा नाही. पण माझ्या हाताखालून गेलेलं एकही पोरगं पहिल्या महिन्यात मोडून घरी गेलं नाही.” दुसऱ्या दिवसापासून नव्यांच्या पाइपच्या तासाला कोच त्यांना बाकावरून उठवून आत आणून बसवायला लागले.

तुम्ही नव्यानं कुठं नाव घालणार असाल, तर पैसे भरण्याआधी एक बॅच कडेला उभं राहून बघा. कोच फळ्याकडे बघतात की मागच्या ओळीकडे, ते दिसेल. पहिल्या आठवड्यात काय देणार, हे सरळ विचारा. फॉर्मवर ‘निरंक’ लिहू नका, दमा, बीपी, गोळ्या, बाळंतपण, उपवास सगळं सांगा. अंग दुखणं दोन-चार दिवस चालतं. पण लघवी काळपट झाली किंवा सूज आली तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठा आणि काय व्यायाम केला ते डॉक्टरांना सांगा. आणि ज्या हॉलमध्ये पहिल्याच दिवशी तुमच्याकडून शेकड्यांनी बैठका काढून घेतात, तिथं दुसऱ्या दिवशी जाऊ नका.