रक्ताच्या कॅन्सरवर ‘विष जोडलेलं’ इंजेक्शन म्हणजे नेमकं काय?

घरात कुणाला रक्ताचा कॅन्सर निघाला की आधीच सगळे हादरलेले असतात. त्यात डॉक्टर म्हणाले की प्रतिपिंडाला विष जोडलेलं औषध देऊ, तर नातेवाईक म्हणतात, ‘विष कसं द्यायचं माणसाला?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आपल्या नातेपुते भागात बांधावर एरंड दिसतो. त्याच्या बीत रायसिन नावाचं जहाल विष असतं. तेल काढलं की ते पेंडीत राहतं, तेलात उतरत नाही, म्हणून दादीचं एरंडेल चालतं. (बिया मात्र लेकरांच्या हाती लागू देऊ नका.) हे विष पेशीत शिरलं की प्रथिनं बनवण्याचं काम बंद पडतं आणि पेशी मरते. मग हे विष फक्त कॅन्सरच्याच पेशीत सोडता आलं तर?

तिथं प्रतिपिंड कामाला येतं. जंतू ओळखायला आपलं शरीर जे प्रथिन बनवतं, ते प्रतिपिंड. एक प्रतिपिंड एकाच खुणेला चिकटतं, किल्ली एकाच कुलपाला लागते तसं. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींवर सीडी-२२, सीडी-३०, सीडी-३३ अशा खुणा असतात. प्रयोगशाळेत त्या खुणेचं प्रतिपिंड बनवून त्याला विषाचा कण बांधतात. पेशी ते आत ओढून घेते, आत विष सुटतं. साधी केमो अंगभर फिरते. हे पत्ता लिहिलेलं पाकीट आहे.

रायसिनवर प्रयोग बरेच झाले, पण ते औषध म्हणून मंजूर झालं नाही. बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रुग्णांचं अंग सुजायचं. यश आलं ते दुसऱ्या विषांना. मातीतल्या एका जिवाणूच्या विषापासून गेमटुझुमॅब ओझोगॅमिसिन तयार झालं, सीडी-३३ साठी. अमेरिकेत २००० साली मंजुरी मिळाली. पुढे फायदा दिसेना, मृत्यू वाढल्याची शंका आली, म्हणून २०१० मध्ये मागे घेतलं. मात्रा कमी करून २०१७ मध्ये ते परत आलं. मला यात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं: औषध तेच, फरक मात्रेचा. हॉजकिन लिम्फोमासाठी ब्रेंटुक्सिमॅब २०११ मध्ये आलं, एका प्रकारच्या ल्युकेमियासाठी इनोटुझुमॅब २०१७ मध्ये.

पत्ता लिहिलेला असला तरी थोडं विष बाहेर सांडतंच. लिव्हरला त्रास, हातापायांना मुंग्या, प्लेटलेट कमी होणं, हे होऊ शकतं. आणि हे सगळ्यांसाठी नाही. पेशीवर ती खूण आहे का, हे तपासणीतच कळतं. थॅलेसेमियात तर याचा उपयोगच नाही, तिथं बिघाड वेगळा असतो.

आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, मुंबईत परळला टाटा. ही इंजेक्शनं फार महाग असतात. म्हणून जमीन गहाण टाकण्याआधी किंवा जकातीसाठी धावाधाव करण्याआधी डॉक्टरांना विचारा: खूण कोणती निघाली, किती डोस लागतील, साध्या केमोने भागेल का? महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. दुआ चालूच ठेवा, पण चालू असलेली केमो मध्येच सोडू नका. इलाज करणं हीसुद्धा सुन्नतच आहे.