पकडीचे श्रेय कोणाला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कबड्डीत चढाईपटू एकटा जातो, म्हणून त्याचे नाव चटकन तोंडी बसते. पकडीचे तसे नसते. कोपरारक्षक घोटा धरतो, शेजारचा कमरेला विळखा घालतो, आणखी दोघे धावून येतात. संघाला गुण मिळतो एक. आणि प्रो कबड्डीच्या वैयक्तिक तक्त्यात तो एकाच बचावपटूच्या नावावर जमा होतो. बाकीच्यांचे काय?

मोबाइलवरचे सांघिक खेळ तयार करणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडतो. चार अनोळखी मुले एका संघात येतात. सामना संपल्यावर कोणाला किती बक्षीस द्यायचे?

सोपा उपाय म्हणजे कोणी किती प्रतिस्पर्धी टिपले ते मोजणे. पण ज्याला बक्षीस, तेच मुले करणार! मग जखमी सोबत्याला उठवायला कोण थांबेल?

दुसरा उपाय, जिंकलेल्या संघात सर्वांना सारखे. मायक्रोसॉफ्टची २००५ सालची ‘ट्रूस्किल’ ही मानांकन पद्धत मुळात फक्त संघाचा निकाल पाहत असे. यात आपमतलबीपणाला वाव कमी. पण स्वस्थ बसणाऱ्यालाही वाटा मिळतो आणि सोबती मध्येच पळाला तर उरलेल्यांना भुर्दंड. २०१८ च्या सुधारित पद्धतीत वैयक्तिक कामगिरी आणि सामना सोडून जाणे यांचीही दखल घेतली गेली.

पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने २०२४ मध्ये आणलेल्या ‘इंडस’ खेळात सर्वांना संपवणे हा विजयाचा एकच मार्ग नाही. ‘कॉझ्मियम’ ताब्यात घेऊनही जिंकता येते. उद्दिष्टच बदलले, की राखण करणाऱ्याचीही किंमत वाढते.

कबड्डीचे नियम याहून पुढे जातात. तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना केलेल्या ‘अव्वल पकडी’ला दोन गुण मिळतात. म्हणजे अडचणीतल्या कष्टाला जास्त मोल. शिवाय पकड यशस्वी झाली, की बाद झालेला सोबती मैदानात परततो. एकाच्या कामाचे फळ दुसऱ्याच्या पदरात पडते.

म्हणून मोठा वाटा संघाच्या विजयाचा असावा. थोडा वाटा सोबत्याला उठवण्याचा, ठाणे राखण्याचा. मध्येच निघून जाणाऱ्याचे गुण कापावेत. मात्र त्याच्यामुळे हरलेल्यांचे कापू नयेत. आणि हा हिशेब खेळाडूंना सामन्याआधीच ठाऊक असावा. बक्षीस हा खेळाचा शेवट वाटतो. खरे तर मुले कशी खेळणार, हे तेच आधी ठरवते.