एका मिलिसेकंदाचा पाठलाग

पावसाळा सरला की जळगाव-धुळ्याकडचं आकाश निवळतं. ऑक्टोबरात अंधार पडल्यावर गच्चीवर जा आणि डोक्यावर अभिजित व श्रवण हे दोन तारे शोधा. त्यांच्या दरम्यान, डोळ्यांना न दिसणारा एक मॅग्नेटार आहे, म्हणजे प्रचंड चुंबकीय ताकदीचा मृत तारा. २८ एप्रिल २०२० रोजी त्याच्याकडून मिलिसेकंदभराचा रेडिओ स्फोट आला. त्याच वेळी उपग्रहांनी क्ष-किरणही टिपले. दोन्ही एकत्र सापडले म्हणून कळलं, की असे स्फोट मॅग्नेटार करू शकतो!

पण स्फोट इतका क्षणिक असताना त्याच्याकडे दुर्बिणी वळवायला वेळ कुठून आणायचा? थोडा निसर्गच देतो. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारितेच्या लहरी मागे पडतात. सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांवरच्या, अशाच स्फोटांच्या एका स्रोताची ८०० मेगाहर्ट्झची लहर आधी पोचते, ४०० ची जवळपास ७ सेकंदांनी. हाच स्रोत दर १६.३५ दिवसांनी जागा होतो, त्यामुळे निरीक्षणं आधीच ठरवता येतात. २०२० मध्ये त्याचे १५ स्फोट पकडले आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी. धुळ्याहून नाशिकमार्गे नारायणगाव गाठा, तिथून खोडद जवळच. एकदा बघाच.