शेवटच्या पंगतीचा मानकरी

गव्हाचं काड, कोंबडी खत, पाणी आणि जिप्सम. बटण मशरूमच्या कंपोस्टचा मूळ माल एवढाच. काड भिजवून, खत मिसळून पुरुषभर उंचीचा ढीग रचला की दोन-तीन दिवसांत त्यातून वाफा निघू लागतात. लांब दांड्याचा थर्मामीटर आत खुपसला तर पारा सत्तरच्या वर जातो, कधी ऐंशी अंश सेल्सिअसपर्यंतही. खाली जाळ नाही, हीटर नाही. काडातल्या साखरेवर आणि खतातल्या नत्रावर जिवाणूंच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढत असतात आणि त्यांच्या श्वसनातून निघालेली उष्णता काडाच्या थरांत कोंडून राहते.

मशरूम या ढिगात अजून आलेलंच नसतं. त्याचं बियाणं, म्हणजे स्पॉन, पडायला अजून दोन-चार आठवडे असतात. पण बटण मशरूम पिकवणाऱ्याचं निम्म्याहून अधिक कसब याच काळात पणाला लागतं, आणि मला विचाराल तर या शेतीतला सगळ्यात देखणा भागही हाच. कोणत्या सूक्ष्मजीवाला किती दिवस वाढू द्यायचं, कुणाला कधी आवरायचं आणि कुणाला अखेरपर्यंत जपायचं, हे सगळं उष्णता, हवा आणि पाणी एवढ्या तीन गोष्टींवर साधायचं असतं.

ही विद्या प्रयोगशाळेत जन्मली नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या आसपासचे माळी खरबुजाच्या वाफ्यांना ऊब मिळावी म्हणून घोड्याची लीद घालत. त्या लिदीत ही पांढरी छत्री उगवते हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते ती मुद्दाम लावू लागले. १७०७ मध्ये तूर्नफोर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांची पद्धत लिहून ठेवली. पुढे एकोणिसाव्या शतकात ही लागवड शहराखालच्या चुनखडीच्या जुन्या खाणींत उतरली, कारण तिथे बारा महिने गारवा आणि ओल असे. लीद कुजवून, पालटून, थंड करून मगच वापरायची, हे त्या माळ्यांना अनुभवाने ठाऊक होतं. असं का करायचं, हे कळायला पुढची दोन-अडीचशे वर्षं जावी लागली.

ढिगात जे घडतं ते लग्नघरच्या पंगतींसारखं आहे. पहिल्या पंगतीला साध्या तापमानात वाढणारे जिवाणू बसतात. काडातली सुटी साखर आणि खतातली सहज पचणारी द्रव्यं ते फस्त करतात आणि करता करता ढीग इतका तापवतात की पंचेचाळीस-पन्नास अंशांपुढे त्यांनाच उठावं लागतं. दुसरी पंगत उष्णतेत रमणाऱ्यांची. बॅसिलस कुळातले काटक जिवाणू, आणि अगदी पोटात, जिथे हात घालवत नाही अशा जागी, थर्मस वंशाचे जिवाणू. याच वंशातला थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा थॉमस ब्रॉक यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत शोधला आणि त्याच्या विकरामुळे पुढे पीसीआर चाचणी घरोघरी माहीत झाली. त्याचे भाऊबंद कोंबडी खताच्या ढिगातही सुखाने नांदतात, हे कळल्यापासून मला खताच्या ढिगाकडे पूर्वीसारखं पाहता आलेलं नाही.

या काळात ढिगाजवळ उभं राहिलं की अमोनियाने डोळे चुरचुरतात. खतातला आणि वरून घातलेल्या युरियातला नत्र मोकळा होत असतो. हा अमोनिया काड मऊ करतो, त्यातला काही भाग जिवाणू आपल्या शरीरातल्या प्रथिनांत बांधतात आणि काही भाग काडातल्या लिग्निनशी जोडला जाऊन गडद तपकिरी, ह्युमससारखं द्रव्य बनतं. सुरुवातीला कर्ब-नत्राचं प्रमाण पंचवीस-तीसास एक असतं. कंपोस्ट तयार होईतो ते सोळा-सतरास एकवर येतं. कर्ब वायू होऊन उडून जातो, नत्र मागे राहतो.

ढीग पालटत राहावा लागतो, कारण त्याचे सगळे भाग सारखे नसतात. बाहेरचा थर गार आणि कोरडा, मधला तापलेला, तळचा दबलेला आणि हवेला पारखा. हवा नसली की तिथे वेगळेच जिवाणू माजतात आणि आंबूस, कुबट वास सुटतो. जुन्या लांब पद्धतीत अठ्ठावीस दिवसांत आठ पलट्या देतात. पहिली सहाव्या दिवशी, दुसरी दहाव्या, आणि मग दर तीन दिवसांनी. तिसऱ्या पलटीला जिप्सम पडतं. जिप्समने काडाचा चिकटपणा जातो, काडी काडी सुटी होते आणि हवेला वाट मिळते. पलटी म्हणजे नुसती ढवळाढवळ नाही. काल बाहेर राहिलेली काडी आज पोटात गेली पाहिजे. हे काम करणाऱ्या मजुराच्या हाताला जी समज असते, तिची नोंद कुठल्याही पुस्तिकेत पुरेशी झालेली नाही.

या सगळ्याला शास्त्राची शिस्त लावली जेम्स सिंडेन यांनी. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात काम करताना, १९३०च्या दशकात, धान्याच्या दाण्यावर बुरशी वाढवून स्पॉन बनवायची रीत त्यांनी आणली. आज जगभर हेच बियाणं वापरलं जातं. पुढे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हाउझर यांच्यासह त्यांनी कंपोस्टची छोटी पद्धत मांडली: दहा-बारा दिवस उघड्यावर, मग आठवडाभर बंद खोलीत. आजच्या मोठ्या फार्मवर ही खोली म्हणजे टनेल. जाळीदार फरशीखालून पंखा हवा ढकलतो आणि टनावारी कंपोस्ट एका ठरावीक तापमानावर ठेवता येतं.

टनेलमधला आठवडा हा या गोष्टीचा गाभा. आधी सहा-आठ तास कंपोस्ट ५८ ते ६० अंशांवर ठेवतात. माश्यांची अंडी, सूत्रकृमी आणि बहुतेक रोगकारक बुरशी त्यात मरतात. तापमान याहून फार वर नेलं, तर उपकारक मंडळीही मरतात. म्हणून इथे पाश्चरायझेशन करायचं असतं, निर्जंतुकीकरण टाळायचं असतं. मग ताजी हवा सोडत तापमान ४५ ते ५० अंशांवर आणतात आणि काही दिवस तिथेच धरून ठेवतात. आता पाळी येते अ‍ॅक्टिनोमायसीट जिवाणूंची आणि उष्णताप्रेमी बुरशींची. कंपोस्टची मूठ उचलून उजेडात धरली तर काड्यांवर राखाडी-पांढरी भुकटी उडवल्यासारखे ठिपके दिसतात. हे ठिपके दिसले की जाणत्या उत्पादकाचा जीव भांड्यात पडतो. हवेत तरंगणारा अमोनिया हे जीव वेगाने संपवत आणतात.

या मंडळींत एक बुरशी फार मोलाची आहे, सायटॅलिडियम थर्मोफिलम. नेदरलँड्समधल्या हॉर्स्टच्या मशरूम संशोधन केंद्रात खेर्बेन स्ट्रात्स्मा आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाअखेरीपासून हिचा कसून अभ्यास केला. निर्जंतुक केलेल्या कंपोस्टमध्ये आधी फक्त ही बुरशी वाढवली आणि मग मशरूमचं स्पॉन टाकलं, तर मशरूमच्या तंतूंचा वाढीचा वेग जवळपास दुप्पट झाला. चांगल्या टनेलमधून निघालेल्या कंपोस्टमध्ये हीच बुरशी सर्वांत जास्त आढळते. तिला पंचेचाळीस अंशांचं वातावरण मानवतं. तापमान पंचवीसवर आणून मशरूमचे तंतू सोडले की ती मागे पडते आणि तिच्या जागी मशरूम पसरत जातं.

मशरूम खातं तरी काय? बराच काळ समज होता की काडातलं सेल्युलोज आणि लिग्निन. ते तर खातंच. पण १९८१ मध्ये इंग्लंडमधल्या लिटलहॅम्पटनच्या संशोधन संस्थेतले फर्मर आणि वुड यांनी दाखवून दिलं की ही बुरशी मेलेल्या जिवाणूंवरही वाढू शकते, त्यांच्या पेशी विरघळवून कर्ब आणि नत्र दोन्ही मिळवते. म्हणजे आधीच्या पंगतींत जे जेवून गेले, त्यांच्या देहांवर शेवटच्या पंगतीचं पान वाढलेलं असतं. उत्पादकाने ओतलेला युरिया मशरूमपर्यंत पोचतो तो या देहांतून आणि त्या तपकिरी ह्युमसातून. २०१२ मध्ये या बुरशीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा अर्धवट कुजलेल्या, ह्युमसयुक्त पाचोळ्यात जगण्यासाठी ती घडलेली आहे याच्या खुणा त्यातही स्पष्ट दिसल्या.

आता या सगळ्यातून निघणारा मुद्दा, जो नवख्यांना पटायला जड जातो. कंपोस्ट जितकं जंतुमुक्त तितकं सुरक्षित, असं मुळीच नाही. पूर्ण निर्जंतुक केलेलं काड हे सगळ्यात असुरक्षित. त्यात हवेतून पडलेली कोणतीही बुरशी हां हां म्हणता माजते. तयार कंपोस्टमध्ये मात्र सोपी साखर उरलेली नसते, अमोनिया उरलेला नसतो आणि मोक्याच्या सगळ्या जागा आधीच भरलेल्या असतात. बाहेरच्या बुरशीला तिथे खायला काही सापडत नाही, बटण मशरूमला सापडतं. त्याचं संरक्षण आतल्या रहिवाशांमुळे होतं. म्हणूनच कंपोस्ट नाकाने तपासतात. अमोनियाचा दर्प जराही आला तर स्पॉन टाकायचं नाही. टाकलं तर तंतू धरत नाहीत आणि कंपोस्ट भरलेल्या पिशव्यांतून कोप्रिनसच्या बारीक छत्र्या वर येतात, ज्या दोन दिवसांत काळी शाई होऊन गळतात. मूठभर कंपोस्ट घट्ट दाबलं की तळवा ओला व्हावा, पण थेंब गळू नयेत. हाताला चिकटू नये, आणि वास किंचित गोडसर यावा.

आपल्याकडे घरोघरी धिंगरी का होते आणि बटण का होत नाही, याचंही उत्तर इथेच आहे. धिंगरी ताज्या काडावर थेट तुटून पडते. सोयाबीनचा भुसा किंवा भाताचा पेंढा भिजवून, गरम पाण्यातून काढून, निववून पिशवीत भरला की महाराष्ट्राच्या हवेत ती एखाद्या खोलीतही येते. बटणाला आधी इतरांनी शिजवून ठेवलेलं अन्न लागतं, आणि शिवाय पीक येताना सोळा-अठरा अंशांचा गारवा. म्हणून भारतात त्याची मुळं थंड डोंगरात रुजली. हिमाचलमधल्या सोलनला १९६१ मध्ये काम सुरू झालं, १९८३ मध्ये तिथे चंबाघाटला राष्ट्रीय मशरूम संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आलं, जे आज भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं संचालनालय आहे, आणि १० सप्टेंबर १९९७ रोजी सोलनला भारताची मशरूम नगरी हा मान मिळाला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचं केंद्र आहे.

कंपोस्टमध्ये तंतू पसरले की पिशवीवर तीन-चार सेंटिमीटरचा मातीचा थर देतात, केसिंग. युरोपात त्यासाठी पीट वापरतात. आपण चांगलं कुजलेलं शेणखत आणि नारळाचा काथ्याचुरा वापरतो. या थरात खाण्यासारखं जवळपास काहीच नसतं, तरी त्याच्याशिवाय मशरूम उगवत नाही. डब्ल्यू. ए. हेज आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये यामागच्या जिवाणूंकडे लक्ष वेधलं. हेच हेज १९७४ मध्ये अन्न आणि कृषी संघटनेचे तज्ज्ञ म्हणून सोलनला आले होते. स्यूडोमोनास पुटिडासारखे जिवाणू मशरूमच्या तंतूंनी सोडलेली काही बाष्पशील द्रव्यं शोषून घेतात. त्यांतलं एक तर आपल्या ओळखीच्या मशरूमच्या वासाचंच द्रव्य. ते साचून राहिलं की तंतू नुसते पसरत राहतात, कळी धरत नाहीत. जिवाणू नसतील तर सक्रिय कोळशाने हेच काम काही अंशी साधतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. आणि त्याच स्यूडोमोनासचा सख्खा नातलग टोलासी टोप्यांवर तपकिरी डाग पाडून माल बाद करतो.

नातलगांची ही दोन रूपं आपल्या शेतकऱ्याला ट्रायकोडर्मामध्ये आणखी ठळक दिसतील. हरभऱ्याची मर रोखायला बियाण्याला चोळतात ती हीच बुरशी, आणि तिने आपल्या शिवारात भलं केलं आहे. पण तिच्यातली एक जात, ट्रायकोडर्मा अ‍ॅग्रेसिव्हम, मशरूमच्या कंपोस्टची काळ ठरली. १९८०च्या दशकाच्या मध्यात आयर्लंडमध्ये आणि १९९०च्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत तिने फार्मच्या फार्म बसवले. ती आधी पांढरे तंतू बनून मशरूमच्या तंतूंत मिसळून राहते, हिरवी होते तेव्हा फार उशीर झालेला असतो. बाकी बुरशींना अडवणारं कंपोस्ट हिला अडवू शकत नाही, ही या क्षेत्रातली आजही सलणारी गोष्ट.

आणखी एक बाब सांगायलाच हवी, कारण ती माणसांची आहे. त्या पांढऱ्या ठिपक्यांमधले अ‍ॅक्टिनोमायसीट कोट्यवधी बीजाणू सोडतात. स्पॉन मिसळताना कंपोस्ट मोकळं करावं लागतं, धुरळा उठतो आणि तो वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते. वैद्यकात या आजाराला मशरूम कामगारांच्या फुप्फुसाचंच नाव आहे. चांगला मास्क आणि खेळती हवा यांनी तो टळतो. ज्या फार्मवर टनेलच्या तापमानाची नोंद तासातासाला होते, तिथे मजुरांच्या मास्कचीही तितकीच चोख काळजी घेतली गेली पाहिजे.

माणसाच्या फार आधी हे तंत्र वाळवीने साधलं होतं. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात वारुळांवर जी ओळमी उगवते, ती टर्मिटोमायसीस बुरशी वाळवी सुमारे तीन कोटी वर्षांपासून पाळते आहे. कामकरी वाळवी पालापाचोळा चावून, आतड्यातून अर्धवट पचवून वारुळात त्याचे कप्पे रचते आणि त्यात बुरशीचे बीजाणू मिसळते. तिथेही उपटसुंभ बुरशी टपून बसलेली असते. वाळवी आहे तोवर ती दबून राहते, वाळवीने वारूळ सोडलं की तीच कप्प्यांवर माजते. वाळवीविना ही ओळमी फायद्याच्या शेतीत आणणं माणसाला साधलेलं नाही. त्यामुळे बाजारात येणारी ओळमी रानातूनच येते, आणि ती तोडताना वारूळ फोडलं तर पुढच्या वर्षीचं पीक तिथेच संपतं.

बटणाचे तोडे संपले की फार्मवर खोलीतच वाफ देऊन सगळं तापवतात, म्हणजे रोगाचे बीजाणू बाहेर पडत नाहीत. एक किलो मशरूममागे साधारण पाच किलो वापरलेलं कंपोस्ट उरतं. त्यात क्षार जास्त असतात, म्हणून ते काही महिने उघड्यावर ठेवून पाऊस लागू देतात आणि मग शेतात, भाजीपाल्याला, फळबागेला घालतात. दोन वर्षं नीट मुरलेलं असलं तर तेच पुढच्या पिशव्यांना केसिंग म्हणून चालतं.