फुटलं की झिरपलं?

आमच्या पुणतांब्यात विमा म्हटलं की पीक विमा. २०१७ च्या शेतकरी संपाची ठिणगी याच गावात पडली, त्यामुळे नुकसानभरपाईची भाषा इथे पारावरही बोलली जाते. खबर वेळेत द्यायची, पंचनामा होईपर्यंत रानात नांगर घालायचा नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक. घराचा विमा मात्र कुणी काढत नाही. धाब्याचं घर गळलं तर वर चढून पांढरी माती पसरायची, चोपायची. छत आपलं, माती आपली, भांडायचं कुणाशी?

मुलीच्या शिक्षणासाठी पुण्यात फ्लॅट घेतला आणि आमचं छत म्हणजे दुसऱ्याची फरशी झाली. कर्जासोबत बँकेने गळ्यात मारलेली विम्याची पॉलिसी फाइलमध्ये पडून होती. एका रात्री वरच्यांच्या सिंकखालचा जोडपाइप फुटला. "बाबा, लाइटमधून पाणी येतंय," मुलीचा फोन. आधी मेन स्विच बंद करायला लावला, मग वरच्यांना उठवून त्यांचा व्हॉल्व्ह. फोटो, व्हिडिओ, कंपनीला खबर हे सगळं उजाडायच्या आत तिनेच केलं. मी पोचलो तेव्हा प्लंबर नवा पाइप बसवून जुना कचऱ्यात टाकायच्या बेतात होता. तो तुकडा मी पिशवीत भरून ठेवला. विमा कंपनीच्या सर्वेक्षकांनी आल्या आल्या तोच मागितला. रंगाऱ्यालाही थांबवलं होतं. आधीच रंगवणं म्हणजे पंचनाम्याआधी नांगरट करण्यातलाच प्रकार.

सर्वेक्षकांकडे ओल मोजायचं यंत्र होतं, पण खरं काम त्यांनी किल्लीने केलं. स्वयंपाकघराच्या छताला किल्लीचं टोक लावलं तर पुट्टी ओली, मऊ, बोटाला चिकटणारी. आतलं प्लास्टर टणक, म्हणजे ओल ताजी. मग ते बाथरूमलगतच्या कोपऱ्यात गेले. तिथे तपकिरी कडांची एकात एक वर्तुळं होती. रंगाचे पोपडे खरवडले तशी पांढरी भुकटी सांडली. सिमेंट-विटांमधले क्षार पाण्यात विरघळून बाहेर येतात, पाणी वाळतं आणि क्षार मागे राहतात. एका रात्रीत असा थर साचत नाही. "हे जुनं आहे, काका. हे यात धरता येणार नाही."

त्यांचं बरोबर होतं. १ एप्रिल २०२१ पासून साधारण विमा कंपन्यांनी 'भारत गृह रक्षा' ही घरासाठीची एकसारखी पॉलिसी द्यायला सुरुवात केली. तिच्यात पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटणं, ओसंडणं येतं. महिनोन्‌महिने झिरपणारी ओल बसत नाही. इमारत आणि सामान असा दोन्हींचा विमा घेतला तर इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामान आपोआप धरलं जातं. आमची पॉलिसी बँकेची, म्हणजे फक्त भिंती आणि छताची. बँकेला काळजी तिच्या तारणाची; भिजलेल्या गाद्या आणि पुस्तकं आमच्या खाती.

मध्येच सोसायटीच्या सेक्रेटरींनी समजुतीचा कागद पुढे केला. वरचे रंगाचे पैसे देतील, आम्ही 'कसलीही तक्रार उरली नाही' असं लिहून द्यायचं. माणूस भला होता, पण सही केली नाही. कंपनी आपल्याला पैसे देते तेव्हा ज्याच्या चुकीने नुकसान झालं त्याच्याकडून वसूल करायचा आपला हक्क तिच्याकडे जातो. तो हक्क आपणच आधी सोडून दिला तर दावा अडतो.

कोपऱ्याचं प्रकरण वेगळं मिटवावं लागलं. गच्ची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीची, फ्लॅटमधल्या संडास-सिंकची ज्याची त्याची, असं उपविधी सांगतात. पण पाणी कुठून येतंय हे उपविधी सांगत नाहीत. वरचे म्हणत, बाहेरचा पाइप. सोसायटी म्हणे, वरच्यांचं बाथरूम. प्लंबरने त्या बाथरूमच्या नहाणीच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी जायच्या तोंडात, पिशवी गुंडाळलेला बोळा ठोकला, फरशीवर बोटभर पाणी साठवलं आणि त्यात कपड्यांची नीळ कालवली. दुसऱ्या दिवशी आमच्या कोपऱ्यात निळसर डाग उमटला. वरच्या काकूंनी तो चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "फोडा मग."

फरशीखालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा चिंब होता, कुबट वास मारत होता. नहाणीचा ट्रॅप आणि स्लॅब यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी फट. कोबा काढून, फट बुजवून वॉटरप्रूफिंगचे थर दिले, भिंतीवरही फूटभर चढवले. फरशी बसवण्याआधी पुन्हा पाणी साठवून बघायला कंत्राटदार तयार नव्हता. त्याचा दिवस मोडतो. तिथे अडूनच बसावं लागतं, कारण फरशी बसल्यावर चूक सापडली तर सगळं परत फोडायचं.

कंपनीचे पैसे आले ते स्वयंपाकघराच्या छतापुरते. कोपऱ्याचं प्लास्टर वरच्यांनी करून दिलं. ते आतून वाळेपर्यंत रंग लावायचा नाही, नाहीतर फुगे धरतात. रंगारी दर आठवड्याला फोन करतो आणि मुलगी त्याला "अजून ओलं आहे" म्हणून सांगते. खरं तर कोपरा कधीच वाळलाय, तिची परीक्षा चालू आहे.