जुनं वस्त्र का सुटत नाही



तिसगावच्या सप्ताहात बोललो ते टेपवरून उतरवून इथं छापलं आहे. बोलीचे शब्द तसेच राहिलेत, सांभाळून घ्या. तुम्ही कदाचित मढीला निघालेले असाल कानिफनाथांच्या दर्शनाला, नाहीतर मढी करून मायंबाला मच्छिंद्रनाथांकडं. पुस्तक पिशवीत आहे, पिशवीत कपड्यांचा एक बदली जोड आहे. आणि घरी पेटीत काय आहे? ते तुमचं तुम्हाला ठाऊक. आज बोलायचंय ते त्या पेटीबद्दल.

सप्ताहाचा पाचवा दिवस. कीर्तन आटोपलं, पंगत उठली, मी मंडपाच्या कडेला हात धूत होतो. एक आजी आल्या. पायाला हात लावू देईनात म्हणून मी मागं सरलो, तर तशाच उभ्या राहून म्हणाल्या, "महाराज, मालक जाऊन चौदा महिने झाले. त्यांचे कपडे अजून पेटीत हायेत. दोन धोतरं, तीन सदरे, एक फेटा. लोक म्हणत्यात, कपडे ठेवले की जीव त्यात अडकतो, गती मिळत न्हाई. खरं हाय का? मी त्यांना अडकून ठिवलंय का?"

आता बघा, माउली. त्या बाईला कापडाचा मोह नव्हता. ती भ्यालेली होती. आपल्या हातून नवऱ्याची वाट अडली की काय, या भीतीनं चौदा महिने तिला झोप नव्हती. आणि ही भीती तिच्या मनात घालणारे कोण? आपणच. शेजारी, पाहुणे, आणि खरं सांगायचं तर आम्ही बुवालोक सुद्धा.

आपल्या नगर जिल्ह्यात दशक्रियेला प्रवचन ठेवतात. मी शेकडो केली असतील. नदीकाठी लोक बसलेले, कावळा शिवायची वाट बघतायत, आणि आम्ही गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला बाविसावा श्लोक काढतो. माणूस जुनं वस्त्र टाकून नवं घेतो, तसा देहातला जीव जुना देह टाकून नवा घेतो, असा त्याचा भाव. हा श्लोक मराठीत उलगडला गेला तोही आपल्याच जिल्ह्यात. नेवाशाला, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, माउलींनी तिथं ज्ञानेश्वरी सांगितली. आम्ही तो श्लोक सांगतो, लोक माना डोलावतात, आणि घरी जाऊन पेटीला कुलूप लावतात.

पण नीट विचार करा. श्लोक काय सांगतो? गेलेल्यानं वस्त्र टाकलं. टाकलं म्हणजे टाकलं! ज्यानं सत्तर वर्षं वापरलेला देह ओसरीवर ठेवून दिला, मागं वळून बघितलं नाही, तो टेरिकॉटच्या सदऱ्यात अडकून बसेल काय? मी आजींना तेच म्हणालो, "आजी, मालक पेटीत नाहीत. ते केव्हाच पुढं गेले. पेटीत जीव अडकलाय तो तुमचा."

आजी रडल्या. मग हसल्या थोड्या. म्हणाल्या, "माझा अडकला असंल तर चालंल."

हा प्रसंग दुसऱ्या दिवशी त्यांचीच परवानगी घेऊन कीर्तनात सांगितला, तर मंडपातल्या निम्म्या बायका डोळ्याला पदर लावून. पुरुष खाली बघतायत. म्हणजे प्रत्येकाच्या घरी पेटी आहे!

माझंही सांगतो. आई गेली तेव्हा तिचं एक हिरवं लुगडं मी ठेवून घेतलं होतं. नेसून नेसून विरलेलं, काठ तेवढा शाबूत. नाकाला लावलं की चुलीचा धूर आणि शेण, दोन्हींचा वास यायचा. मला तो वास म्हणजे आई. एकदा दिवाळीच्या आवराआवरीत घरातल्या कुणीतरी ते बोहारणीला घातलं. बदल्यात एक स्टीलचं पातेलं आलं. मला कळलं संध्याकाळी. त्या रात्री शेजारच्या गावात माझं कीर्तन होतं आणि विषय, ऐका बरं, वैराग्य! माझं तोंड वैराग्य बोलत होतं आणि मन बोहारणीच्या मागं मागं एसटी स्टँडवर फिरत होतं. घरी आल्यावर त्या पातेल्यातलं दूध मी आठ दिवस प्यालो नाही. असा हा तुमचा कीर्तनकार.

म्हणून कुणी म्हणालं की "टाका हो ते जुनंपानं, काय कवटाळून बसलात," तर मला त्याचा रागच येतो. कापड कापसाचं असलं तरी त्यात माणसाचा घाट बसलेला असतो. सदऱ्याचं कोपर जिथं झिजलंय तिथं त्याचं कोपर होतं. खिशाला चुन्याचा डाग आहे तो त्याच्या बोटाचा. फोटोत चेहरा दिसतो हो, पण फोटोला वास नसतो.

आणि दुसरी गोष्ट. पूर्वी हे कोडं एवढं अवघड नव्हतं. कारण पूर्वी कापड टाकायचंच नसायचं! तुमच्या आजीला आठवा. नऊवारी लुगडं आधी सणाला, मग रोजाला. मधोमध विरलं की विरलेला भाग काढून चांगल्या बाजू एकमेकीला जोडायच्या, दंड घालायचा. दंडाचं लुगडं आणखी वर्ष-दोन वर्षं निघायचं. मग घरात बाळंतीण आली की त्याची बाळुती. बाळाला नवं कापड आधी घालतच नाहीत आपल्यात. नव्या कापडाला खळ असते, ते टोचतं. शंभर वेळा धुतलेलं सुती मऊ असतं. उरलं ते गोधडीत. गोधडी फाटली की फडकं, फडकं फाटलं की पोतेरं. देवापुढं पहाटे पेटतो तो काकडा, तोही कापडाचाच पीळ. म्हणजे लुगडं एका दिवशी "टाकलं" असं कधी झालंच नाही. ते रूप बदलत बदलत, हातातून हातात जात संपायचं, आणि संपल्याचं कुणाला कळायचंही नाही. दुःख सुद्धा तसंच हळूहळू विरायचं.

आता दंड कोण घालतो? साडी नायलॉनची, शर्ट टेरिकॉटचा. ते ना विरत, ना घाम शोषत, ना त्याची बाळुती होत. एकतर ठेवा, नाहीतर फेका. मधला रस्ताच बंद झाला. पेट्या भरल्या त्या यामुळंही, निव्वळ आपल्या मोहानं नव्हे.

आपल्या परंपरेत कापडाचं केवढं मोठं स्थान आहे बघा. नामदेवराय शिंपी. कबीर विणकर. मढीला जाताना भेटणाऱ्या नाथपंथी जोग्याच्या अंगावरची कंथा म्हणजे चिंध्या जोडून केलेली गोधडीच. आणि गाडगेबाबा! १८७६ साली अमरावतीकडच्या शेणगावात परीट घरात जन्म. लोकांचे कपडे धुण्याचा ज्यांचा घरचा धंदा, त्यांनी स्वतः आयुष्यभर चिंध्यांचं ठिगळी वस्त्र घातलं. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. कुठं कुठं लोक त्यांना चिंधेबुवाच म्हणायचे. माणसाला अब्रू कापडानं येत नाही हे त्यांनी कीर्तनात सांगायच्या आधी अंगावर घालून दाखवलं.

मग द्यायचं कसं? इथं मला थोडं कडक बोलायचंय.

द्रौपदीच्या चिंधीची गोष्ट तुम्ही ऐकलीय. कृष्णाचं बोट कापलं, रक्त थांबेना. सख्खी बहीण सुभद्रा. तिच्या घरी चिंधी सापडेना, सगळी वस्त्रं भारी. द्रौपदीनं अंगावरचं भरजरी वस्त्र टरकन फाडलं. आपण ही गोष्ट ऐकताना स्वतःला द्रौपदी समजतो. पण पूर आला, भूकंप झाला, की आपण पाठवतो काय? बटणं तुटलेले शर्ट, चेन गेलेल्या पँटी. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत असे वाटलेच न गेलेले कपड्यांचे ढीगच्या ढीग पडून राहिले होते. ते गोळा करून, निवडून, पुन्हा उपयोगात आणायचं काम 'गूंज' संस्थेनं केलं. अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये ती काढली. २०१५ चं मॅगसेसे त्यांना मिळालं. कठोपनिषदातला नचिकेता आठवा. बाप यज्ञात दान देत होता म्हाताऱ्या, आटलेल्या गाई. पोराला लाज वाटली, म्हणून त्यानं विचारलं, मला कुणाला देणार? सगळं उपनिषद तिथून सुरू होतं, टाकाऊ दानाच्या लाजेतून!

तेव्हा द्यायचं तर धुऊन द्या. बटण लावून, घडी घालून द्या. घेणाऱ्याला विचारा, तुला चालेल का? आणि एक हात जोडून विनंती: तीर्थावर आंघोळ करून अंगावरचे कपडे पाण्यात सोडायची रीत कुठं कुठं आहे, ती करू नका. सुती तरी कुजेल, टेरिकॉट कुजत नाही. ते गंगेतच राहतं, गुरांच्या पायात येतं, पुढच्या गावच्या मोटारीत अडकतं.

आजींना मी एवढंच सुचवलं होतं की घाई नको. पेटी उघडा, उन्हात घाला, एकेक हातात घ्या. ज्याला हात सोडायला तयार आहे तेवढंच आज बाजूला काढा. राहील ते राहू द्या. आणि डांबराच्या गोळ्या काढून कडुनिंबाचा पाला घाला, म्हणजे वास तरी त्यांचा राहील.

पुढच्या वर्षी रंगपंचमीला मढीच्या यात्रेत गर्दीत हाक आली, "महाराज!" त्याच आजी. सोबत नातसून. आजी सांगत होत्या: मालकांची दोन्ही धोतरं आणि आपलं एक लुगडं, वरखाली लावून गोधडी शिवली. पोटात जुने सदरे घातले. उन्हाळाभर टाके चालले होते, दुपारी शेजारणी येऊन बसायच्या, प्रत्येकीनं आपल्या माणसाची आठवण काढत एकेक ओळ घातली. नातू आणि नातसून ऊसतोडीला जातात, दसरा झाला की कोयता घेऊन निघतात ते पाडव्याला परततात. गोधडी यंदा त्यांच्याबरोबर कारखान्यावर गेली होती. नातसून म्हणाली, "लई उबदार हाय. लेकरू तिच्यातच झोपतं."

फेटा नातवानं लग्नात बांधायला मागून घेतला होता.

"आणि तीन सदरे होते ना?" मी विचारलं.

आजी म्हणाल्या, "दोन गोधडीत गेले." तिसऱ्याचं काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. पालखी निघाली होती, आम्ही तिच्या मागं चालू लागलो.