ब्रेक दाबला की इंडिकेटर का थांबतो?

भर दुपारची वेळ, गाडीचे सगळे दिवे बंद. वळायचं म्हणून इंडिकेटर दिला, तो नीट लुकलुकतोय. ब्रेकवर पाय पडला आणि इंडिकेटर मंदावला, मग थांबलाच. मागून येणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते: ब्रेकचा लाल दिवा मरतुकडा पेटलाय, आणि कुणी लावलेले नसताना टेल लॅम्प आणि नंबर प्लेटचा दिवाही मिणमिणतोय. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारच्या मालकांना हा प्रकार चांगला ठाऊक असतो. बरेचजण आधी फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा स्विच) बदलतात, मग स्विच, मग बल्ब. दोष मात्र बहुधा या तिन्हींत नसतो.

उदाहरण म्हणून एमजीबी घेऊ. 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनलेली ही गाडी, बंद छताची जीटी आवृत्ती धरून पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. आज रस्त्यावर असलेली सर्वांत तरुण एमजीबीसुद्धा पंचेचाळिशीला आली आहे. तिचं वायरिंग आजच्या गाड्यांच्या मानाने इतकं साधं आहे की त्याचा अख्खा नकाशा एका पानावर मावतो. त्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. म्हणूनच तिच्यातला दोष अंदाजाने शोधत बसण्याची गरज नाही, तो मोजून सापडतो.

आधी त्या ब्रेकच्या दिव्याचं बघू. बल्बपर्यंत करंट वायरने येतो आणि बॅटरीकडे परत जातो तो गाडीच्या पत्र्यातून. ही परतीची वाट म्हणजे ‘अर्थ’. मागच्या दिव्यांच्या घराचा पत्र्याशी असलेला जोड गंजला की ती वाट अडते. ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला करंट मग दुसरी वाट धरतो. शेजारच्या टेल लॅम्पच्या फिलामेंटमधून तो उलटा शिरतो, लाल वायरीवरून पुढच्या पार्किंग दिव्यांपर्यंत पोचतो आणि त्यांच्या चांगल्या अर्थमधून बॅटरीला मिळतो. वाटेतले सगळे बल्ब अर्धवट पेटतात ते त्यामुळे. इंडिकेटरचा बल्बही त्याच गंजलेल्या जोडावर अवलंबून असतो. जुना फ्लॅशर आतली तार तापली तरच उघडझाप करतो. पुरेसा करंट मिळाला नाही की तो थंड पडतो आणि इंडिकेटर थांबतो. उपाय एवढाच: दिव्याचं घर सोडवायचं, संपर्काची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करायची आणि पुन्हा घट्ट बसवायची.

हे कळायला जो मल्टिमीटर वापरायचा, तो नीट न वापरल्यास फसवतो. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच तार उरली असली तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. 21 वॉटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर मागतो आणि तिथे ती एक तार कमी पडते. निर्मनुष्य घाटात एकेरी रस्ताही मोकळा वाटतो. तो अपुरा आहे हे गाड्यांची रांग लागल्यावरच समजतं. म्हणून मोजायचं ते दिवा चालू ठेवून. मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवर आणि दुसरं पेटलेल्या बल्बच्या होल्डरच्या धातूवर धरा. 0.2 व्होल्टपर्यंत आकडा आला तर जोड ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर तेवढं बळ परतीच्या वाटेवर वाया जातंय. आता दुसरं टोक एकेक जोड ओलांडत बॅटरीच्या दिशेने सरकवत आणा. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम उतरतो, दोष त्या दोहोंच्या मध्ये. याच पद्धतीने बॅटरीच्या दुसऱ्या टर्मिनलपासून बल्बपर्यंतची येण्याची वाटही तपासता येते. हेडलाइटला तर हे नक्की करून पाहावं. बल्बला मिळणाऱ्या व्होल्टेजमध्ये 10 टक्के घट झाली की उजेड साधारण 30 टक्क्यांनी कमी होतो.

येण्याच्या वाटेवरचे गुन्हेगार म्हणजे बुलेट कनेक्टर. वायरीच्या टोकाला पितळी गोळी, ती एका धातूच्या नळीत दाबून बसवलेली, वर रबराचं आवरण. नवे असताना उत्तम. पन्नास वर्षांच्या दमट हवेनंतर नळी सैल होते आणि धातूवर गंजाची पापुद्री चढते. कोकणात किंवा मुंबईत गाडी ठेवणाऱ्यांकडे हे फारच लवकर होतं. असे जोड घासत बसण्यापेक्षा ती नळी सरळ नवी घालावी. ती स्वस्त मिळते.

नकाशा वाचायला रंग शिकून घ्यावे लागतात आणि ते फार नाहीत. तपकिरी वायर थेट बॅटरीची, कायम जिवंत आणि मूळ रचनेत फ्यूजविना. पांढरी इग्निशन दिल्यावर जिवंत होणारी, तीही फ्यूजविना. हिरवी तीच, पण फ्यूजमधून आलेली. जांभळी कायम जिवंत, फ्यूजसह. लाल पार्किंग आणि टेलची, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. वायरीवर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ असली तर ती पुढची फांदी: हिरव्यावर लाल रेघ डावा इंडिकेटर, पांढरी रेघ उजवा, जांभळी रेघ ब्रेकचा दिवा. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकस कंपनीचं सामान वापरणाऱ्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत हीच पद्धत होती. लुकसच्या विजेच्या सामानाची इंग्रज मालक पिढ्यान्‌पिढ्या टर उडवत आले आहेत. मला ते अन्यायाचं वाटतं. पन्नास वर्षांत कुणी रेडिओ जोडला, कुणी अलार्म, कुणी फॉग लॅम्प, आणि प्रत्येकाने मूळ वायर सोलून तिथे नवा फाटा काढला. त्या फाट्यांचे दोष लुकसच्या नावावर जमा झाले. नकाशात नसलेल्या रंगाची वायर दिसली की पहिला संशय तिच्यावर घ्यावा.

बॅटरी हा वेगळा विषय. 1974 पर्यंतच्या एमजीबीत सीटच्या मागे, फळीखाली, सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. जागा अडचणीची, खालून रस्त्याचं पाणी उडणारं. सेल्फ मारल्यावर नुसतं ‘टक’ वाजलं तर हेडलाइट लावून पुन्हा सेल्फ मारा. दिवे पार विझले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचं टर्मिनल सैल आहे. दिवे तसेच प्रखर राहिले तर करंट सेल्फपर्यंत जातच नाही, सोलेनॉइड आणि त्याची वायर बघा. शिवाय 1967 च्या अखेरीपर्यंत या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ आणि डायनामो होता, त्यानंतर निगेटिव्ह अर्थ आणि अल्टरनेटर आला. जुन्या गाडीला आजचा रेडिओ जोडण्याआधी हे तपासलं नाही तर रेडिओ तत्क्षणी जळू शकतो. डायनामोच्या गाडीत इंजिन स्लोवर असताना चार्जिंगचा लाल दिवा मंद पेटला तर घाबरू नका. डायनामो कमी फेऱ्यांवर पुरेशी वीज देतच नाही.

एका जोडाबद्दल मात्र आग्रहाने सांगायला हवं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेलं असतं. दोघांना जोडणारी जाड विणीची पट्टी असते, वर्षानुसार इंजिनाच्या माउंटिंगपाशी किंवा गिअरबॉक्सखाली. इंजिन उतरवून परत चढवताना ती लावायची राहून जाते. मग सेल्फचा शेकडो अँपिअर करंट चोक आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परतीची वाट काढतो. केबल तापते, तिचं आवरण वितळतं, धूर निघतो. सेल्फ मारताना चोकची मूठ गरम लागली तर पुन्हा किल्ली फिरवू नका. आधी ती पट्टी शोधा.

चालती गाडी अचानक बंद पडली तर दोनच वाटा: पेट्रोल किंवा स्पार्क. एसयू कंपनीचा विजेवरचा पंप मागच्या उजव्या चाकाजवळ असतो. इग्निशन दिल्यावर तो टकटक करतो आणि कार्बोरेटर भरले की गप्प होतो. सुरुवातीलाच गप्प असेल तर त्याच्या पांढऱ्या वायरीवर आणि अर्थवर व्होल्ट मोजा. वीज पोचत असेल तर आतले पॉइंट जळालेले असतात. हलकीशी टपली मारल्यावर तो चालू होतो, पण तेवढ्यावर घर गाठावं, पुढच्या सहलीला निघू नये.

स्पार्कचं काम आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांच्या हातचं आहे. एमजीबीचं 1798 सीसीचं इंजिन आणि ॲम्बॅसडरचं 1489 सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) एकाच बी-सीरिज घराण्यातली. सीबी पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॉइल, सगळं त्याच जातीचं. पॉइंटमधलं अंतर 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवायचं. गाडी गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर सुरू होत असेल तर कंडेन्सर किंवा कॉइलवर संशय घ्यावा. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटकडे जाणारी छोटी वायरही बघावी. आतली प्लेट सतत थोडी फिरत असते, त्यामुळे वायर आवरणाच्या आत तुटते आणि बाहेरून शाबूत दिसते.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर सगळं बंद करून, इग्निशनची किल्ली काढून, बॅटरीची अर्थची केबल सोडवा आणि टर्मिनल व केबल यांच्यामध्ये अँपिअरवर लावलेला मीटर जोडा. मूळ स्थितीतल्या गाडीत आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. नसेल तर एकेक फ्यूज काढत जा. सगळे काढूनही आकडा हलला नाही तर दोष तपकिरी वायरीवर आहे आणि बहुतेकदा तो अल्टरनेटरच्या डायोडचा निघतो.

फ्यूज उडाला तर त्या जागी जास्त अँपिअरचा किंवा चांदीचा कागद गुंडाळलेला फ्यूज कधीही घालू नका. लुकसच्या जुन्या फ्यूजवर लिहिलेले 35 अँपिअर हा तो वितळण्याचा आकडा आहे, सतत वाहून नेण्याची त्याची क्षमता 17 अँपिअरच. आजच्या ब्लेड फ्यूजवर सतत वाहून नेण्याचा आकडा छापतात. दोन्ही आकडे सारखेच समजून 35 चा ब्लेड फ्यूज लावला तर फ्यूजआधी वायर जळते.